त्वचा राखावी, रंग झाकू नये

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात जे आठवडी बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या बाजार म्हणतात, आणि नंदुरबार जिल्ह्यात धडगावचा भोंगऱ्या नावाजलेला आहे. पाड्यापाड्यांवरून पावरा आणि भिल्ल कुटुंबे होळीच्या पूजेचे सामान, गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन घ्यायला खाली उतरतात. ढोल वाजतो, तरुण मुलेमुली ठेवणीतले कपडे आणि चांदी घालून येतात. बाहेरच्यांनी या बाजाराला ‘पळून जाऊन लग्न जमवण्याचा सण’ असे रंगवले आणि आदिवासी संघटनांनी त्यावर वेळोवेळी हरकत घेतली. ती हरकत रास्त आहे. हा मुळात होळीचा बाजार. नजरानजर होत असेल तर ती कुठल्याही जत्रेत होते तेवढीच. मात्र सौंदर्याचा विचार करणाऱ्याने तिथे नटण्याची रीत नीट पाहावी. गळ्यात चांदी, दंडात कडी, हातावर गोंदण, केसांना तेल. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत व्रत पाळणारे बावा आणि बुध्या तर अंगाला राख फासतात, तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात, कमरेला भोपळे आणि घुंगरे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात. या सगळ्या साजात सावळ्या कातडीवर चांदी खुलते, राखेचा ठिपका खुलतो; कातडी लपवायची आहे असे कुठेच दिसत नाही. त्याच बाजारात टिकल्या, पावडर, नेलपॉलिश विकणाऱ्याच्या पाटीत गोरेपणाच्या ट्यूबही असतात आणि त्यांचे सांगणे याच्या नेमके उलट असते. या दोन विचारांपैकी पहिला शरीरशास्त्राच्या अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे. रोजच्या निगेबद्दल आज जे काही पुराव्यानिशी सांगता येते, ते त्याच्याच बाजूने जाते.

आतले पाणी आत ठेवायचे आणि बाहेरचे उपद्रवी ते बाहेर, हे त्वचेचे पहिले काम. ते जिथे चालते तो सर्वांत वरचा थर बहुतेक अंगावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाही जाड नसतो. मेलेल्या चपट्या पेशी आणि त्यांच्या फटीत भरलेली चरबी, अशी विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी त्याची बांधणी असते. साधारण महिनाभरात तळच्या पेशी वर येऊन झडतात आणि सारा थर नवा होतो. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा सामू पाचच्या आसपास असतो, तर अंगाच्या किंवा कपड्यांच्या साध्या साबणाचा नऊ-दहा. म्हणून साबण लावला की मळाबरोबर फटीतली चरबीही निघते आणि त्वचेचा आम्लपणा काही तास हरवतो. घाम, धूळ, शेतातली माती यांना पाणी पुरते. काख, जांघा, पाय आणि खरोखर मळलेले हात एवढ्यापुरता साबण ठेवला तर काहीही बिघडत नाही. तोंड दिवसातून चार वेळा साबणाने धुणारीचा चेहरा ताणल्यासारखा होतो, मग ती त्यावर क्रीम लावते, मग चिकट वाटते म्हणून पुन्हा धुते. यातला एक साबण कमी केला तर अर्धी क्रीम आपोआप कमी होते.

नंदुरबारची हवा या थराची कठोर परीक्षा घेते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या वरच्या अंगाला, डाब परिसरात, गवतावरचे दव गोठते. थंडीत हवेतली वाफ कमी होते, त्वचेतले पाणी भराभर उडते, पोटऱ्यांवर पांढरे खवले धरतात, टाचांना भेगा पडतात. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवणे. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून कोरड्या अंगाला चोळण्यापेक्षा ओल्या अंगाला लावलेले थोडेसे तेल जास्त उपयोगी पडते. सातपुड्यात या कामाला मोहाच्या बियांचे तेल आहे. फुले वेचून झाली की पावसाळ्याच्या तोंडाला फळे पडतात, बिया फोडून वाळवतात आणि घाण्यावर तेल काढतात. थंडीत ते तुपासारखे थिजते. टाचांच्या भेगांत भरायला आणि कोपरांना चोळायला असे घट्ट तेल उत्तम. दहा-वीस रुपयांची पेट्रोलियम जेली तर पाणी रोखण्यात बहुतेक तेलांच्या पुढे आहे. ती जमिनीतल्या खनिज तेलापासून बनते एवढ्यावरून तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

तरीही सगळी तेले सारखी नसतात, आणि इथे ‘नैसर्गिक’ या शिक्क्यापलीकडे पाहावे लागते. २००५ साली ढाक्याच्या शिशु रुग्णालयातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाचे हलके मालिश केले, तेव्हा त्यांना रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. त्वचेचा बांध धरला की जंतू आत शिरत नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. सूर्यफूल आणि करडई या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि त्वचेच्या फटीतली चरबी बांधायला ते लागते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त असते; ते काही आठवडे लावल्यावर त्वचेचा बांध सैल होतो, असे २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले. मोहाच्या तेलातही ओलेइक आम्लाचाच वाटा मोठा. म्हणून मोठ्यांच्या राठ टाचांना आणि हातांना मोहाचे तेल जरूर लावावे, तान्ह्या बाळाच्या अंगाला मात्र करडईचे किंवा सूर्यफुलाचे बरे. घरची परंपरा आणि प्रयोगशाळा एकमेकींच्या विरोधात नाहीत. दुसरी पहिलीला जरा नेमके करते.

आता रंगाकडे येऊ. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिनचे केवढे कण बनवतात आणि ते कसे पसरवतात यात. हे कण त्वचेच्या पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे जमतात आणि आतल्या जनुकांचे उन्हापासून रक्षण करतात. १९७९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात अतिनील-ब किरणांपैकी सरासरी २४ टक्के किरण गोऱ्या त्वचेचा वरचा थर पार करून गेले, काळ्या त्वचेचा थर पार करणारे साडेसात टक्केही भरले नाहीत. नंदुरबार जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या पट्ट्यात आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यात इथे सूर्य नेमका डोक्यावर येतो. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या शेतात, रानात राबलेल्या माणसांची त्वचा सावळी असणे हे शरीराने काळजीपूर्वक केलेले काम आहे. ते पुसून टाकण्यासाठी पैसे मोजणे म्हणजे घराचे छप्पर काढायला मजूर लावण्यासारखे झाले. यावर एक आक्षेप येतो: मग सावळ्या माणसाला उन्हाची काळजी नकोच की! तसे नाही. त्वचेच्या कर्करोगाचा धोका खूप कमी होतो हे खरे, पण गालांवरचे वांग, कपाळावर चढणारा काळपटपणा, पुटकुळी बसल्यावर राहणारा डाग हे सावळ्या त्वचेतच जास्त दिसतात, कारण तिच्या रंगपेशी लवकर चेततात. वांगाला तर अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही खतपाणी घालतो. त्यामुळे सनस्क्रीन परवडत असेल तर वापरावे; न परवडल्यास घट्ट विणीचा सुती रुमाल, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि दुपारी बारा ते तीनची सावली यांनी बरेच काम होते. डोक्यावरून पदर घेऊन निंदणी करणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही.

गोरेपणाच्या क्रीमचा धंदा आपल्याकडे १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली तेव्हापासून फोफावला. २०२० साली तिचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला होता आणि कंपनीला ‘फेअर’ हा शब्द जड झाला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने वर्णावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. पण मोठ्या कंपनीची क्रीम ही यातली सर्वांत कमी घातक गोष्ट. खरा घात औषधाच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयांना मिळणाऱ्या ट्यूबचा आहे. तिच्यात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे एखादे स्टेरॉइड असते, कधी जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरेच उजळतो, पुटकुळ्या बसतात, शेजारीण विचारते की काय लावलेस. मग त्वचा पातळ होत जाते, गालांवर लाल शिरा उमटतात, हनुवटीवर केस येतात, उन्हात पाऊल टाकले की आग होते. ट्यूब बंद केली तर चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. हे व्यसनच. देशातल्या बारा केंद्रांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असे स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी गावच्या दुकानात ‘गोरं व्हायची ट्यूब द्या’ म्हटले की ती मिळते. गजकर्णावरही हीच मिश्रणे लावली जातात; खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते, आणि आज देशभर हट्टी झालेल्या गजकर्णामागे हे एक मोठे कारण आहे. स्थानिक ब्यूटी पार्लरमधून मिळणाऱ्या, बनवणाऱ्याचे नावही नसलेल्या डब्यांत तर पारा सापडला आहे. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे २०२३ साली समोर आले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासाचा माग अशाच एका क्रीमपर्यंत गेला. पारा मेलॅनिन बनण्याची क्रिया रोखतो हे खरे. पण तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो.

यावरचा एक वजनदार आक्षेप मुलींच्या आयांचा असतो. तुमचे शास्त्र खरे असेल, पण लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण’ हा रकाना आहे, त्यात ‘सावळा’ लिहिले की स्थळ परत जाते; मग आम्ही काय करायचे? हा आक्षेप उडवून लावणे अन्यायाचे होईल. कोलकात्यातल्या वर्तमानपत्री विवाह-जाहिरातींवर अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा जातीची पकड सर्वांत घट्ट निघाली, पण मुलाकडच्या मंडळींच्या पसंतीत गोऱ्या रंगालाही किंमत असल्याचे दिसले. खानदेशातही शहादा, नंदुरबार, नवापूरच्या मध्यमवर्गीय घरांत ‘गोरी, निमगोरी, गव्हाळ’ ही पायरी भेटीच्या आधीच चढावी लागते. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात मुलाकडचे देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. घरात येणारी बाई शेत, रान, चूल सांभाळणारी माणूस म्हणून मोलाची. त्या पद्धतीचेही आपले प्रश्न आहेत आणि देजाचा आकडा वाढत चालल्याची चिंता त्या समाजालाही आहे. तरी वर्णाचा रकाना ही डोंगराची मूळ रीत नव्हे. ती सपाटीवरून, जाहिरातीतून, दूरदर्शनच्या पडद्यावरून वर गेली. आयांच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग व्यवहाराचा: कोणत्याही क्रीमने जन्माचा रंग सुरक्षितपणे आणि कायमचा बदलत नाही, त्यामुळे रकान्यातला शब्द काही बदलत नाही. बदलतो तो चेहऱ्याचा पोत, आणि तोही वाईटासाठी. लग्नाच्या सहा महिने आधी सुरू केलेली स्टेरॉइडची ट्यूब नेमकी लग्नानंतर सुटते. पेटलेला, पुटकुळ्यांनी भरलेला चेहरा घेऊन मुलगी सासरी उभी राहते.

दुसरा भाग प्रेमाचा आहे. माणसे जोडीदारात काय शोधतात याचा मोठा अभ्यास डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३३ देशांतल्या दहा हजारांवर माणसांना विचारून केला आणि त्याचे निष्कर्ष १९८९-९० मध्ये छापले. भारतीयही त्यात होते. एकंदर यादीत सर्वांत वर आले परस्परांविषयीची ओढ, भरवशाचा स्वभाव, स्थिर मन आणि प्रसन्न वागणूक. देखणेपणाचा क्रमांक बराच खाली लागला, पुरुषांच्या यादीतसुद्धा. चेहऱ्याच्या आकर्षणावर झालेल्या प्रयोगांतही छटेपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा ठरतो: डाग, लाली, ठिपके नसलेली एकसारखी त्वचा, मग ती कोणत्याही रंगाची असो, पाहणाऱ्याला तरुण आणि निरोगी वाटते. हा एकसारखेपणा उन्हापासून आडोसा, तेल, कमी साबण आणि हात न लावलेल्या पुटकुळ्या यांनी येतो. स्टेरॉइड नेमका तोच मोडते.

पण त्वचा आणि प्रेम यांचा खरा संबंध दिसण्यापेक्षा स्पर्शाचा आहे, आणि हे दाखवायला नंदुरबारइतकी योग्य जागा नाही, कारण इथे मिरची पिकते आणि वाळते. पावसाळा सरला की नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांवर, एकरच्या एकर लाल होऊन जाते. पथारीवर ओळीने बसलेल्या बायका मिरच्या पसरतात, उलटतात, वाळल्यावर देठ खुडतात. तोंडाला फडके बांधलेले असते, बोटे मात्र उघडी. मिरचीतले कॅप्सेसिन बोटांच्या कातडीत मुरते, नखांच्या कडेला बसते आणि रात्री भाकरी थापताना किंवा तान्ह्या बाळाला घेताना आग करते. पाण्याने ती जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाण्याने ते फक्त पसरते. आधी कोरड्या हाताला गोडे तेल चोळून फडक्याने पुसायचे, असे दोनदा केल्यावर साबण लावायचा, नंतर पुन्हा तेलाचा हात. तोवर डोळ्यांना किंवा बाळाला हात लावायचा नाही. रबरी हातमोजे मिळाले तर सर्वांत चांगले; ते पुरवणे मजुरी देणाऱ्याचे काम आहे, आणि सौंदर्यनिगेवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही मागणी करायला हवी. मिरचीने हात का जळतो, याचे उत्तर शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधले. त्वचेतल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते, साधारण ४३ अंशांना ते जागे होते, आणि कॅप्सेसिन त्याच कुलुपात बसते. म्हणून थंड मिरचीही मेंदूला विस्तवासारखी कळते. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल ज्युलियस यांना मिळाले आणि त्यात वाटेकरी होते अर्डेम पाटापूशियन, ज्यांनी दाबाची, म्हणजे स्पर्शाची, जाणीव देणारी प्रथिने शोधली. पथारीवरची आग आणि पाठीवरून फिरलेला हात यांचा उगम एकाच अवयवात आहे.

त्या फिरलेल्या हाताबद्दलही आता बरेच कळले आहे. अंगावरच्या केसाळ त्वचेत, म्हणजे दंड, पाठ, पोटऱ्यांवर, काही बारीक मज्जातंतू असे असतात की ते टोचणे किंवा धक्का यांकडे फारसे लक्ष देत नाहीत; सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत जास्त दाद देतात, आणि तो हात माणसाच्या कातडीइतका उबदार असेल तर अधिकच. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत हे प्रयोगांनी दाखवले. या तंतूंचा निरोप मेंदूच्या भावनेच्या भागाकडे जातो. आई बाळाला तेल लावते, नवरा-बायको एकमेकांच्या थकलेल्या पायांना तेल चोळतात, सासू सुनेच्या डोक्याला तेल घालते, तेव्हा हेच तंतू कामाला लागतात. त्यांना रंग दिसत नाही. दिवसभर ऊस तोडून किंवा मिरची खुडून आलेल्या माणसाचे राठ, चिरलेले हात रात्री कुणी हातात घेऊन तेलाने मऊ केले, तर त्वचेची निगा आणि प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. नंदुरबारहून दरवर्षी हजारो जोडपी कोयता घेऊन गुजरातच्या साखर कारखान्यांच्या वाटेने जातात. उसाच्या पातीने त्यांचे हातपाय कापले जातात. हंगामभर पालात राहणाऱ्या या जोडप्यांना सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती कधी आपल्या वाटत नाहीत, पण रात्रीचा तेलाचा हात त्यांचाही आहे.

निसर्गाकडे वळणाऱ्यांचा एक आक्षेप राहतो: ट्यूब सोडा, झाडपाला घ्या, त्याने अपाय होत नाही. सातपुड्यातले रानच याला उत्तर देते. तिथे बिब्ब्याची झाडे आहेत. बिब्ब्याचा काळा रस अंगाला लागला की फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतो, तोही नैसर्गिकच. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेले तर त्यातली द्रव्ये उन्हाने चेततात आणि कातडी भाजल्यासारखी काळी पडते. साजाच्या वस्तूंनाही पारखूनच घ्यावे लागते: टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उमटतो. टिकलीऐवजी कुंकू लावले तरी त्यातल्या रंगाची ॲलर्जी येऊ शकते. चांदीच्या जागी आलेल्या ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी मुळीच नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि निकेलची ॲलर्जी कान, मान आणि मनगटांवर खाजेचे चट्टे आणते. गोंदणही तसेच. आवडीने करावे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण जत्रेत एकाच सुईने रांगेने सगळ्यांना गोंदले जाते तेव्हा कावीळ-बी आणि एचआयव्ही त्या सुईबरोबर फिरू शकतात. नवी सुई आपल्या समोर पाकिटातून काढायला लावणे हा प्रत्येकीचा हक्क आहे. चांगल्या गोष्टीही आहेतच: दुधात वाटलेली चारोळी कोरड्या चेहऱ्याला मऊ करते, शिकेकाई साबणापेक्षा कमी तीव्र. फक्त काहीही नवे लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार येते, जिथली जवळपास सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि दवाखाना गाठायला कित्येक पाड्यांना डोंगर उतरावा लागतो, तिथे त्वचेच्या सौंदर्याची चर्चा ही चैन नाही का? चैन असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्वचा ही शरीराची सर्वांत उघडी पडलेली पाटी आहे. आत काय कमी आहे ते तिच्यावर आधी उमटते. हैदराबादच्या पोषण संस्थेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवले की केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो: ऊन लागणाऱ्या मानेवर, हातांवर, पायांवर काळे, खरबरीत, सोलणारे चट्टे. मका खाणाऱ्यांतही हा रोग शतकानुशतके होता. मानेभोवती हारासारखा येणारा त्याचा चट्टा स्पेनच्या गास्पार कासाल यांनी १७३५ साली टिपला होता. ज्वारी-मक्याच्या भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, मासे पोटात गेले की हा चट्टा होतच नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ५४ टक्के होते. त्यांचा निस्तेज चेहरा, ठिसूळ नखे, गळणारे केस यांवर एकही क्रीम चालणार नाही. सिकल सेल हा आजार या पट्ट्यात मोठा आहे. त्याने डोळे पिवळे पडतात, घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात, आणि त्याची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर तो उजळवायचा डाग नाही, कुष्ठरोगाची खूण असू शकते. वेळेत मोफत औषध घेतले तर तो पूर्ण बरा होतो आणि बोटे वाचतात. उलट अंगाने पाहिले तर अन्नाने आलेले तेज नुसते म्हणण्यापुरते नसते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या रोजच्या खाण्यात फळे-भाज्या वाढल्यावर सहा आठवड्यांत त्यांच्या कातडीत किंचित पिवळसर-लाल छटा चढली आणि पाहणाऱ्यांना ते चेहरे जास्त निरोगी आणि आकर्षक वाटले. तो रंग भाज्यांतल्या कॅरोटिनॉइडांचा. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, टोमॅटो, आंबा यांत तो भरलेला आहे. धडगाव-मोलगीकडच्या बायका कैऱ्या सोलून, वाळवून आमचूर विकतात. त्यातले चार आंबे पिकू देऊन घरातल्या पोरींना खाऊ घातले तरी ट्यूबवरचे पैसे वाचतील.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती दुकानात उपयोगी पडावी. चेहऱ्यासाठी ट्यूब हातात आली की मागे छापलेली नावे वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा हायड्रोक्विनोन यांपैकी एकही नाव दिसले आणि डॉक्टरने लिहून दिलेले नसेल, तर ती परत ठेवा. डब्यावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि घटकांची यादी नसेल तर तो हातातही घेऊ नका. आधीच लावत असाल तर एकदम बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि ती हळूहळू कशी सोडायची ते विचारा.